बसले म्हणजे जमले नव्हे!
(जीपच्या डिफरन्शियलचा अंगणातला धडा)

गिअर रेशोची गणिते आपण सगळेच सोडवतो, आणि पेपर झाला की विसरतो. माझ्याकडून तेच गणित घाटंजी तालुक्यातल्या आमच्या घरच्या अंगणात पुन्हा सोडवून घेतले गेले, तेही ग्रीसने माखलेल्या हातांनी. त्याची ही हकीकत.

आमच्याकडे महिंद्राची जुनी फोर व्हील ड्राइव्ह जीप आहे. महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली, त्याच घराण्यातली ही. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पांदण रस्त्यावर तिच्याशिवाय शेत गाठता येत नाही. गेल्या वर्षी कापूस वेचणीच्या तोंडावर तिचा मागचा अॅक्सल गुरगुरू लागला. आदल्याच वर्षी एका गॅरेजात त्यात नवे बेअरिंग टाकले होते. बाबा वैतागून म्हणाले, "भंगारात देऊन टाकू." काकांनी माझ्याकडे पाहिले, "शिकून राह्यला ना तू मेकॅनिकल? मंग पाह्य बरं काय झालं तं!"

डिफरन्शियल कशासाठी?

बंडीची दोन्ही चाके आसावर मोकळी फिरतात, म्हणून वळणावर बाहेरचे चाक जास्त आणि आतले कमी फिरले तरी बिघडत नाही. जीपमध्ये मात्र चाकांना इंजिनची ताकद द्यायची असते. ताकदही द्यायची आणि वेगवेगळ्या वेगाने फिरूही द्यायचे, हे काम डिफरन्शियल करते. प्रोपेलर शाफ्ट पिनियनला फिरवतो, पिनियन क्राऊनला, आणि क्राऊनला जोडलेल्या पिंजऱ्यातले छोटे गिअर दोन्ही चाकांत फेरे वाटून देतात.

आधी आवाज ओळखा

एकसारखी गुरगुर असेल तर बेअरिंग. अॅक्सिलरेटर दाबताना किंवा सोडतानाच रडल्यासारखा आवाज येत असेल तर क्राऊन-पिनियन. फक्त वळणावर येत असेल तर पिंजऱ्यातले गिअर किंवा चाकाचे बेअरिंग. गाडी सुटताना "टक्क" झाले, तर आधी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस तपासा. बिचाऱ्या डिफरन्शियलवर उगाच आळ नको!

उघडल्यावर काय दिसले?

जीप सपाट जागी लावून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले. जॅकने उचलून अॅक्सल मजबूत स्टँडवर टेकवला. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जाऊ नका.

ड्रेन प्लग काढला, तर काळ्या तेलाऐवजी दुधाच्या चहासारखे पाणी-तेल बाहेर आले. अॅक्सल शाफ्ट काढून, बेअरिंग कॅपवर पंचाने डाव्या-उजव्याच्या खुणा केल्या (कॅपची अदलाबदल चालत नाही) आणि पिंजरा बाहेर घेतला. कुठली शिम कुठल्या बाजूची, हे वहीत लिहिले. पिनियनच्या बेअरिंगला गंजाचे खड्डे आणि क्राऊनचे दोन दाते टवके उडालेले!

पाणी आले कुठून? अॅक्सलवरच्या ब्रीदरमुळे. चालून गरम झालेला अॅक्सल नाल्याच्या थंड पाण्यात बुडाला, की आतली हवा आकसते. ब्रीदर मोकळा असेल तर बाहेरची हवा आत येते. आमचा चिखलाने बुजलेला होता, त्यामुळे सीलमधून पाणीच ओढले गेले. गॅरेजात बेअरिंग बदलले, पण ते का गेले हे कोणी पाहिलेच नव्हते.

दाते मोजले म्हणून वाचलो

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकत्र घासून जोडीने तयार होतात. दोघांवर एकच क्रमांक असतो, म्हणून एकटा पिनियन किंवा एकटा क्राऊन कधीही बदलू नये. दुकानदाराने सेट दिला आणि म्हणाला, "हाच बसते." घरी येऊन दाते मोजले. आमच्या जुन्या सेटला क्राऊनचे ४३ आणि पिनियनचे ८, म्हणजे रेशो ५.३८. नव्या सेटला ३९ आणि ८, म्हणजे ४.८८!

दुकानदार खोटे बोलला नव्हता. आमच्या डाना-४४ जातीच्या अॅक्सलमध्ये दोन्ही सेट बसतात. पण पुढच्या अॅक्सलचा रेशो ५.३८ असताना मागे ४.८८ टाकला असता, तर फोर व्हीलमध्ये पुढची चाके १० फेरे मारेपर्यंत मागच्यांना ११ फेरे मारावे लागले असते. कडक रस्त्यावर हा ताण ट्रान्सफर केस फोडतो. सेट परत केला.

अॅक्सल न उघडताही रेशो काढता येतो. एकच चाक उचला, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा, बाकीच्या चाकांना दगड लावा. उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा. एक चाक स्थिर असताना दुसऱ्याच्या दोन फेऱ्यांना क्राऊनचा एकच फेरा होतो, म्हणून शाफ्टचे जितके फेरे तितका रेशो.

जोडणी : चार मापे

१) पिनियनची खोली : आतल्या बेअरिंगच्या कपखाली शिम असतात. सुरुवात जुन्याच शिमच्या जाडीने करावी.

२) पिनियनचा प्रीलोड : बेअरिंग किती आवळले, ते मापावे लागते. नव्या बेअरिंगला या अॅक्सलमध्ये साधारण २३ ते ४६ किलो-सेंटीमीटर लागतो. सील बसवण्याआधी फ्लँजवर दोरी गुंडाळून स्प्रिंगकाट्याने ओढली. फिरताना काटा ५ किलो दाखवत होता, त्रिज्या ६ सें.मी., म्हणजे ३०. जमले! शिम काढली की बेअरिंग आवळते, वाढवली की सैल होते.

३) बॅकलॅश : दात्यांमधली मोकळीक. कॉलेजच्या मेट्रॉलॉजी लॅबमधून सरांच्या परवानगीने डायल गेज आणले. हवे होते ०.१० ते ०.२५ मि.मी., आले ०.४०. पाव मिलिमीटरची शिम एका बाजूची दुसरीकडे टाकली, तेव्हा ०.२२ आले. दरवेळी बेअरिंग उपसावे लागू नये म्हणून काकांनी जुनी बेअरिंग आतून एमरीने घासून हाताने निघतील अशी करून घेतली होती. मापे जुळल्यावर नवी ठोकली.

४) दात्यांवरची खूण : तेलात शेंदूर कालवून काही दात्यांना लावला आणि क्राऊनला थोडा अडसर देत पिनियन फिरवला. खूण दात्याच्या मध्यावर यायला हवी. मुळाशी आली तर पिनियन फार आत आहे, शिम कमी करा. टोकाशी आली तर शिम वाढवा. आमची तिसऱ्या खेपेला मध्यावर आली. (शेंदरात शिसे असते, हात स्वच्छ धुवा.)

शेवटी नवे सील, स्वच्छ केलेला ब्रीदर आणि ९० नंबरचे जी.एल.-५ तेल. या गिअरचे दाते एकमेकांवर घसरतात, म्हणून साधे इंजिन ऑइल चालत नाही. पहिल्यांदा पंधरा-वीस मिनिटे चालवून गाडी थंड होऊ दिली. पहिले ८०० कि.मी. जड ओझे ओढले नाही, मग तेल बदलले. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बॉडीत उंच नेली.

चार दिवसांचे काम आम्हाला नऊ दिवस लागले. पण कापूस वेळेवर जिनिंगला गेला आणि भंगाराचा विषय पुन्हा निघाला नाही.

मित्रांनो, पान्याने बोल्ट कुणीही आवळू शकतो. पाव मिलिमीटरची पत्री डावीकडे हवी की उजवीकडे, हे मापल्याशिवाय कळत नाही. वस्तू जागेवर बसली म्हणजे जमली असे नव्हे, एवढे त्या अंगणाने मला शिकवले. आता काका नाला ओलांडला की आधी ब्रीदर पाहतात, आणि मी डायल गेज वेळेवर लॅबमध्ये परत करतो!

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी