त्यांना कबड्डी कोणी शिकवली?
आशियाई क्रीडा स्पर्धांतील भारतीय संघाच्या वाटचालीचा एक अभ्यास

२३ ऑगस्ट २०१८. जकार्ता येथील अठराव्या आशियाई क्रीडा स्पर्धेत पुरुष कबड्डीचा उपान्त्य सामना भारत आणि इराण यांच्यात चालू होता. वसतिगृहाच्या सभागृहात मुले दूरदर्शन संचासमोर दाटीवाटीने बसली होती. जिंकण्याविषयी कोणाच्याही मनात शंका नव्हती. कुतूहल होते ते फक्त फरक किती गुणांचा राहील एवढेच. सामना संपला तेव्हा फलकावर इराण २७, भारत १८ असे आकडे होते. सभागृहात काही वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या रांगेतील सातवीच्या एका मुलाने विचारले, “सर, त्यांना कबड्डी कुणी शिकवली?”

शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून मला आजवर अनेक प्रश्न विचारले गेले आहेत. पण इतका नेमका प्रश्न क्वचितच. त्या वेळी मी त्याला एका वाक्यात उत्तर दिले, “आपणच.” त्या एका शब्दामागे सुमारे ऐंशी वर्षांची हकीकत आहे. ती सांगण्यासाठी हा लेख.

कबड्डी हा आपल्या मातीतला खेळ, असे आपण नेहमी म्हणतो. ते खरेही आहे. महाराष्ट्रात हुतुतू, तमिळनाडूत सडुगुडू, बंगालमध्ये हाडुडू अशा नावांनी तो गावोगाव खेळला जात होता. चेंडू नको, बॅट नको, जाळे नको. मोकळी जागा, फक्कीने आखलेल्या चार रेषा आणि दोन्ही बाजूंना सात-सात गडी एवढ्यावर खेळ उभा राहतो. ज्या शाळांकडे क्रीडासाहित्य घेण्यापुरते पैसे नसतात, त्या शाळांना या खेळाने फार मोठा आधार दिला आहे. मात्र गावोगाव निरनिराळ्या रीतीने खेळला जाणारा खेळ स्पर्धेचा खेळ होण्यासाठी लिखित नियम लागतात. ते काम विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत मुख्यतः महाराष्ट्रात आणि बडोद्यात झाले. १९३६ मध्ये बर्लिन येथे ऑलिंपिक स्पर्धा भरल्या असताना अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. त्यांत कबड्डीही होती. स्वातंत्र्योत्तर काळात शंकरराव तथा बुवा साळवी यांनी या खेळासाठी आयुष्य वेचले. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डीदिन म्हणून साजरा होतो, हे आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांना ठाऊक असेलच.

खेळ आपला, पण आशियाई स्पर्धेत तो आपल्या इच्छेने येत नाही. अनेक देशांच्या आणि अनेक खेळांच्या स्पर्धेत एखाद्या खेळाला स्थान मिळायचे तर तो पुरेशा देशांत खेळला गेला पाहिजे. एकच देश जिंकणार आणि दोन-तीनच देश उतरणार असतील, तर आयोजकांना तो खेळ वगळणे सोपे असते. म्हणजे कबड्डीला आशियात जागा हवी असेल तर आपल्यालाच आपले प्रतिस्पर्धी तयार करणे भाग होते. ही गोष्ट आपल्या आधीच्या पिढीतील संघटकांनी अचूक ओळखली. १९७८ मध्ये आशियाई हौशी कबड्डी महासंघ स्थापन झाला. पुढच्याच वर्षी प्रा. सुंदर राम जपानात गेले आणि तेथील तरुणांना हा खेळ शिकवू लागले. १९८० मध्ये कोलकात्यात पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत कबड्डी प्रात्यक्षिक खेळ म्हणून दाखवली गेली आणि १९९० मध्ये बीजिंग येथे तिला पदकाचा दर्जा मिळाला.

बीजिंगची ती स्पर्धा भारतासाठी फारशी गौरवाची नव्हती. संपूर्ण भारतीय पथकाला तेथे एकच सुवर्णपदक मिळाले, आणि ते कबड्डीचे होते. ज्या खेळाला शहरी क्रीडारसिक गावंढळ म्हणून नाक मुरडत, त्याच खेळाने त्या वर्षी देशाची लाज राखली. पुढे १९९४ हिरोशिमा, १९९८ बँकॉक, २००२ बुसान, २००६ दोहा, २०१० ग्वांगझू आणि २०१४ इंचॉन अशा, बीजिंग धरून, सलग सात स्पर्धांत पुरुषांचे सुवर्ण भारताकडेच राहिले. महिलांची कबड्डी २०१० मध्ये सुरू झाली. ते सुवर्ण आणि त्यापुढचे २०१४ चे सुवर्णही आपलेच.

या यादीवरून नजर फिरवताना छाती फुगते. परंतु विद्यार्थ्याने रौप्य आणि कांस्य पदकांची यादीही वाचावी, असा माझा आग्रह असतो. १९९० पासून २००६ पर्यंत पाचही वेळा दुसरे आणि तिसरे स्थान बांगलादेश आणि पाकिस्तान या दोघांनीच आलटून पालटून घेतले. म्हणजे सोळा वर्षे तिन्ही पदके अशा तीन देशांत वाटली जात होती, जे १९४७ पूर्वी एकच भूमी होते. आशियाच्या स्पर्धेत आपण खेळत होतो हे खरे, पण खेळत होतो जुन्या घरातल्याच माणसांशी. बांगलादेशाचा तर हा राष्ट्रीय खेळ आहे. आपले वर्चस्व खरे होते, तरी त्याची कसोटी अजून लागायची होती.

ती कसोटी इराणने घेतली. २०१० मध्ये ग्वांगझूला पुरुषांचे रौप्य प्रथमच उपखंडाबाहेर, इराणकडे गेले. जपाननेही कांस्य पटकावले. २०१४ मध्ये इंचॉनच्या अंतिम सामन्यात इराणने आपल्याला जवळजवळ हरवलेच होते. मध्यंतराला भारत पिछाडीवर होता आणि शेवटी २७-२५ अशा केवळ दोन गुणांनी आपण सुटलो. घंटा त्याच वेळी वाजली होती. आपण ती सुवर्णपदकाच्या जल्लोषात ऐकली नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

त्याच वर्षी, म्हणजे २०१४ मध्ये, आपल्याकडे प्रो कबड्डी लीग सुरू झाली. या लीगने खेळाडूंना पैसा दिला, प्रसिद्धी दिली, मातीतला खेळ मॅटवर आणि प्रकाशझोतात आणला. त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. पण लीगमध्ये परदेशी खेळाडूही आले. इराणचा डावा कोपरारक्षक फझल अत्राचली मुंबईच्या संघातून खेळू लागला. २०१८ च्या लिलावात त्याला एक कोटी रुपये मिळाले. लीगच्या लिलावात कोटीचा आकडा गाठणारा तो पहिला खेळाडू ठरला. मेराज शेख २०१७ मध्ये दिल्लीच्या संघाचा कर्णधार होता. दक्षिण कोरियाचा जांग कुन ली बंगालच्या संघातून चढाया करीत होता. हे खेळाडू महिनोन्महिने आपल्या चढाईपटूंबरोबर राहत, सराव करीत, जेवत. कोणाचा पाय बोनस रेषेवर कधी पडतो, कोण उजवीकडून आत शिरतो, कोण तिसऱ्या चढाईला घाबरून घाई करतो, हे सारे त्यांना आपल्या प्रशिक्षकांइतकेच माहीत झाले. परक्याने चोरून शिकलेली ही विद्या नव्हती. आपणच निमंत्रण देऊन, मानधन देऊन ती समोर ठेवली होती.

जकार्तात प्रथम गटातच धक्का बसला. दक्षिण कोरियाने भारताला २४-२३ असे हरवले. आशियाई स्पर्धेतील अठ्ठावीस वर्षांतला पुरुष संघाचा हा पहिला पराभव. तरीही उपान्त्य फेरी गाठली आणि समोर इराण आला. मध्यंतराला बरोबरी होती. म्हणजे नऊ गुणांचा तो सारा फरक उत्तरार्धात पडला.

येथे खेळाच्या अंगाने थोडे थांबले पाहिजे. कबड्डीत चढाई डोळ्यांत भरते. म्हणून मुले चढाईचीच स्वप्ने पाहतात. परंतु चुरशीचे सामने बहुधा पकडीने जिंकले जातात. इराणी खेळाडू उंच, दणकट, आणि त्यांच्याकडे कुस्तीची मोठी परंपरा. कोपरारक्षक घोट्याला हात घालतो, त्याच क्षणी शेजारचा मांडीला, तिसरा कमरेला, आणि साखळी सुटत नाही. पकडणाऱ्या बाजूचे तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड यशस्वी झाली, तर एकाऐवजी दोन गुण मिळतात. त्यामुळे समोर थोडे गडी उरले म्हणून निष्काळजीपणे आत घुसणारा चढाईपटू स्वतःच्या संघाचे दुप्पट नुकसान करतो. उत्तरार्धात आपले नामांकित चढाईपटू एकामागून एक अडकत गेले. कर्णधार अजय ठाकूर सामन्यात जखमी झाला. पण पराभवाचे सारे खापर त्या दुखापतीवर फोडणे बरोबर होणार नाही. त्या दिवशी इराणचा संघ आपल्याहून चांगला खेळला. पुढे अंतिम सामन्यात कोरियाला २६-१६ असे हरवून त्यांनी सुवर्ण नेले.

दुसऱ्या दिवशी, २४ ऑगस्टला, महिलांचा अंतिम सामना होता आणि प्रतिस्पर्धी पुन्हा इराणच. मध्यंतरापर्यंत आपल्या मुली थोड्या पुढे होत्या. शेवटी २७-२४ असा निकाल लागला, तोही इराणच्या बाजूने. पण त्या दिवशी क्रीडांगणाच्या कडेला इराणी मुलींच्या मिठीत ज्या बाई होत्या, त्या आपल्या नाशिकच्या होत्या : शैलजा जैन.

शैलजाताईंनी महाराष्ट्रात वर्षानुवर्षे मुलींना कबड्डी शिकवली होती. निवृत्तीच्या वयात त्या इराणच्या महिला संघाच्या प्रशिक्षक म्हणून गेल्या. भाषा अनोळखी, जेवण वेगळे, शाकाहारी माणसाला तर अधिकच अवघड. मुलींशी बोलता यावे म्हणून त्या फारसी शिकल्या. सरावात योगासने आणि प्राणायाम आणले. ज्या खेळात ‘कबड्डी, कबड्डी’ हा दम न तोडता परक्या अंगणात लढायचे असते, त्या खेळात श्वासाची शिस्त किती कामाची, हे सांगायला नको. डोके झाकून, पूर्ण बाह्यांचा पोशाख घालून खेळणाऱ्या त्या मुलींनी आपल्या गुरूला सुवर्णपदकाची दक्षिणा दिली. भारतीय संघाला शिकवण्याची संधी आपल्याला मिळाली नाही, ही खंतही ताईंनी त्या विजयानंतर लपवली नाही.

तेव्हा काही लोकांनी त्यांच्या देशनिष्ठेविषयी शंका घेतली. मला तो आक्षेप फार उथळ वाटला. आपण १९३६ मध्ये बर्लिनला हा खेळ दाखवतो, १९७९ मध्ये जपानला शिकवतो, आणि त्याचा अभिमान बाळगतो. मग नाशिकच्या एका शिक्षिकेने इराणमध्ये तेच काम अधिक मन लावून केले तर तो अपराध कसा? विद्यार्थी कोणाचा, हे पाहून ज्ञान राखून ठेवणारा शिक्षक शिक्षकच नव्हे. विचारायचा असेल तर प्रश्न आपल्या व्यवस्थेला विचारावा, की अशा व्यक्तीची गुणवत्ता घरात कोणाला का दिसली नाही. त्याच उन्हाळ्यात भारतीय कबड्डी महासंघाच्या कारभाराविषयीचा आणि संघनिवडीविषयीचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात चालू होता, एवढे नमूद केले तरी पुरे. मॅटवर हरण्यापूर्वी काही गोष्टी अन्यत्र हरल्या जात असतात.

पुढील आशियाई स्पर्धा महामारीमुळे एक वर्ष लांबून २०२३ मध्ये चीनमधील हांगझू येथे झाली. दोन्ही सुवर्णपदके परत आली. पुरुष संघात नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार आणि नाशिकचा आकाश शिंदे असे आपले दोन तरुण होते. ७ ऑक्टोबरच्या अंतिम सामन्यात इराणला ३३-२९ असे हरवले, असे नोंदपुस्तक सांगते. पण अभ्यासकाने नोंदपुस्तकावर थांबू नये. अखेरची मिनिटे उरली असताना गुण २८-२८ असे समान होते. पवन सेहरावतची चढाई राखीव क्षेत्रात गेली, त्याच्यामागे इराणी पकडपटूही गेले, आणि गुण कोणाला द्यायचे यावर जुना नियम की नवा नियम असा वाद उभा राहिला. निर्णय एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला असा फिरत राहिला. दोन्ही संघ मॅटवर बसून राहिले आणि खेळ बराच काळ खोळंबला. शेवटी निर्णय आपल्या बाजूने लागला. आपण जिंकलो याचा मला आनंद आहे. तथापि, तो सामना मुलांना दाखवताना मी चित्रफीत त्या क्षणी थांबवतो आणि दोन्ही नियम फळ्यावर लिहून ‘तुम्ही पंच असता तर?’ असे विचारतो. दरवर्षी वर्गात दोन तट पडतात, आणि इराणच्या बाजूने हात वर करणारी मुलेही असतात.

महिलांच्या बाबतीत चित्र आणखी बोलके आहे. त्यांच्यापुढे अंतिम सामन्यात इराण नव्हता, चिनी तैपेई होता. गटातील पहिल्याच सामन्यात त्यांनी आपल्याला ३४-३४ असे बरोबरीत रोखले होते. ऋतू नेगीच्या संघाने अंतिम सामना जिंकला तो २६-२५ असा, एका गुणाने. हांगझूतील भारताचे ते शंभरावे पदक ठरले, म्हणून त्याचा गाजावाजा पुष्कळ झाला. तो एक गुण मात्र लवकरच सर्वांच्या विस्मरणात गेला.

मागच्या रांगेतला तो सातवीतला मुलगा आता शाळा सोडून गेला आहे. मध्यंतरी तो भेटायला आला, तेव्हा त्याच्या गावच्या प्राथमिक शाळेतील मुलांना सुट्टीत कबड्डी शिकवतो असे म्हणाला. सुरुवात कशाने करतोस, असे मी विचारले. तो म्हणाला, “पकडीने, सर. चढाई त्यांना आपोआप येते.”