तासभर खेळणाऱ्याला कॉन्करर मिळावा का?

प्रश्न : मी शेडनेटवर कामाला आहे. सकाळपासून मिरचीचं क्रॉसिंग चालतं; कळी सोलायची, पराग लावायचा, खुणेला दोरा बांधायचा. रात्री जेवणं आटोपली की तासभर बीजीएमआय हा मोबाइल गेम खेळतो. निशाणा चांगला आहे, पण कॉन्करर काही हाती लागत नाही. कंपनीने आमच्यासारख्यांसाठी वरची बक्षिसं सोपी करायला नकोत का? मित्र म्हणतात, सोपी केली तर त्यांना किंमत राहणार नाही.
– एक वाचक, देऊळगाव राजा तालुका

उत्तर : मित्रांचं म्हणणं निम्मं खरं आहे. कॉन्करर म्हणजे सर्व्हरवरचे सगळ्यांत वरचे 500. ही दारं सताड उघडली तर त्या नावाला कोणी विचारणार नाही, आणि मिळाल्यावर तुम्हालाही त्याचा आनंद होणार नाही.

पण हे 500 जण नुसत्या निशाण्यावर ठरत नाहीत. यादी सारखी हलते. तुम्ही पहाटेच्या कामासाठी झोपता, तेव्हा दुसरा कोणी गुण वाढवत असतो. सीझन संपला की टिअर, म्हणजे श्रेणी, घसरते आणि पुन्हा चढाई. शिवाय लवकर मेलं की गुण कापले जातात, म्हणून रँक पुश करणारे पुष्कळ जण गोळी न झाडता शेवटच्या झोनपर्यंत गवतात पडून राहतात. यात कौशल्य आहेच, पण रिकामा वेळ त्याहून जास्त लागतो. गंमत म्हणजे 2021 मध्ये हा गेम आला तोच अठरा वर्षांखालच्या मुलांना दिवसाला 3 तासांची मर्यादा घालून. जास्त तास बरे नव्हेत हे कंपनीला ठाऊक आहे. मग शिडी तासांवर का उभी? माझ्या मते सीझनमधले प्रत्येकाचे उत्तम असे ठरावीक सामनेच मोजावेत. कसोटी तितकीच कडक राहील आणि तुम्हीही रांगेत याल.

बक्षिसाइतकाच प्रश्न खेळ पाहायला मिळण्याचाही आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन गेम 2004 मध्ये आला, तेव्हा त्यातल्या मोठ्या मोहिमांना 40 जण एकाच वेळी जमवावे लागत. नोकरी-घर सांभाळून खेळणाऱ्यांना शेवटचा शत्रू दिसायचाच नाही. 2011 मध्ये त्या गेमच्या कंपनीने अनोळखी खेळाडूंचा जथा आपोआप जमवून देणारी सोय आणली. डेथविंग नावाचा ड्रॅगन, म्हणजे तेव्हाचा शेवटचा शत्रू, सगळ्यांच्या वाट्याला आला, पण मिळणाऱ्या बहुतेक शस्त्र-चिलखतांची पातळी वेगळी ठेवली : या सोप्या वाटेने 384, नेहमीच्या मोहिमेत 397, सर्वांत अवघड मोहिमेत 410. जुने खेळाडू चिडले. मला मात्र तो निर्णय न्याय्य वाटतो. आपल्या जत्रेतल्या दंगलीतही पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात आणि शेवटची मानाची कुस्ती नामांकित पैलवानांची. पण माती सगळ्यांच्या अंगाला लागते.

माझा खरा राग आहे तो क्रेटवर, म्हणजे गेममधल्या बक्षिसांच्या पेट्यांवर. तिथे ना वेळ लागतो, ना निशाणा. यूसी हे गेममधलं चलन विकत घ्यायचं आणि नशीब उघडून बघायचं. बेल्जियमने 2018 मध्ये पैसे घेऊन उघडायच्या अशा पेट्यांना जुगार ठरवलं, ते योग्यच केलं. कॉन्कररची वाट लांब वाटली म्हणून मजुरीचे पैसे त्या पेटीत घालू नका. त्यातून निघालेला ड्रेस अंगावर असला, तरी समोरच्याची गोळी तेवढीच लागते.