तांबडे ते सगळेच पळस नव्हे

मार्चच्या मध्यावर धर्मग्रामातील तरुणांना घेऊन आम्ही तुमसर तालुक्यातील आंबागडच्या डोंगराकडे गेलो होतो. आपल्या जिल्ह्यात वैनगंगा पसरट पात्रातून वाहते. पण आंबागड-गायमुखाकडे टेकड्यांतून उतरणाऱ्या नाल्यांचे काठ चांगले उभे आहेत. उन्हाळ्याच्या तोंडाशी नाला आटलेला, म्हणून तळातूनच चढलो.

मुलांना प्रत्येक तांबडे फूल पळसच वाटत होते. सेमिनरीत तर्कशास्त्र शिकताना ॲरिस्टॉटलची एक शिस्त आम्ही घोकली होती: व्याख्या करताना आधी वस्तूची जाती सांगा, मग त्याच जातीतील इतरांहून तिला वेगळे करणारा भेद सांगा. तेव्हा रुक्ष वाटलेली ही शिस्त त्या नाल्यात फार उपयोगी पडली.

एकाने लगेच खूण सांगितली, "पळसाला पाने तीनच!" खरे आहे, पण पांगाऱ्याचे पानही तीन दलांचेच असते, आणि फुलांच्या दिवसांत दोन्ही झाडे जवळजवळ निष्पर्ण. मग भेद कुठे शोधावा? खोडाला हात लावावा, अर्थात जपून. पांगाऱ्याला काटे असतात, पळसाला नसतात. पळसाची कळी काळपट, मखमली. फुलातील एक पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली. काटेसावरीचे खोडही काटेरी, पण तिचे फूल म्हणजे पाच जाड पाकळ्यांचा पेला, आत केसरांचा गुच्छ. ते अख्खेच्या अख्खे धप्पकन खाली पडते. म्हणून मान वर करण्याआधी पायाखाली पाहावे.

चढ अवघड झाला तिथे खडकात सोनसावर उभी होती. नावात सावर असली तरी कूळ निराळे. पान एकही नाही, नुसती मोठी पिवळी फुले! सगळे आपोआप गप्प झाले.

शेजारच्या कपारीत धायटीचे झुडूप होते. नळीसारखी लहान तांबडी फुले फांदीला चिकटलेली. आसवे-अरिष्टे आंबवायला वैद्य हीच वापरतात. मात्र दहा पावलांवर दुसरी धायटी जळून कोळसा झाली होती. मोहफुले पहाटे गळतात. ती वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात. आग तिथेच थांबत नाही. मोठा मोह वाचतो, झुडपे आणि कोवळी रोपे जातात, त्यांत उद्याचे मोहही असतात. वेचणाऱ्यांना दोष देणे आम्हांला जड जाते, कारण त्या फुलांवर घर चालते. तरीही हे जाळणे आम्हांला चुकीचेच वाटते.

उतरताना एक बाई मोहाखाली खराट्याने झाडताना दिसल्या. जागा स्वच्छ, जवळच जुने लुगडे अंथरलेले. आम्ही विचारले, "तुम्ही जाळत नाही?"

"झाडून घेतलं तरी होते न जी," त्या म्हणाल्या, आणि मुलांच्या ओंजळीत दोन-दोन मोहफुले टाकली.