हागारेची मसक आणि पोटगीचा अर्ज

अभ्यासासाठी वाचन : उत्पत्ती २१:८-२१



अब्राहामाने हागारेला पाठवून दिले, तेव्हा तिच्याजवळ होती फक्त भाकर आणि पाण्याची मसक. रानात पाणी संपले आणि तिने मुलाला झुडपाखाली ठेवले. ही हागार मला आजही पाड्यांवर भेटते.

पालघर जिल्ह्यातील अशीच एक बहीण पंचांपुढे काडीमोड होऊन दोन लेकरांसह माहेरी आली. मी तिच्याबरोबर प्रार्थना केली आणि म्हणाले, "कोर्टाचा घटस्फोट नाही, मग पोटगी कशी मिळणार?" न तपासता बोलले. दहा महिन्यांनी एका वकीलबाईंनी माझी चूक दाखवली. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आहे. अर्जाआधीचे ते दहा महिने लेकरांच्या ताटातून गेले, आणि तो दोष माझा. म्हणून हा धडा.

१. विवाह : हिंदू विवाह कायदा, १९५५ अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. तेथे जमातीची रूढी चालते. मात्र वाद झाल्यास ती कोर्टात सिद्ध करावी लागते. विवाह ख्रिस्ती विधीने झाला असेल तर १८६९ चा घटस्फोट कायदा लागतो आणि पंचांची काडीमोड पुरत नाही.

२. पोटगी : भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ (पूर्वीचे कलम १२५) सर्व धर्म-जमातींना लागू आहे. ऐपत असूनही नवरा सांभाळत नसेल, तर स्वतःचा निर्वाह करू न शकणारी पत्नी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते. घटस्फोटितेने पुन्हा लग्न केले नसेल, तर तिलाही हा हक्क आहे. आई राहते तेथील कोर्टात अर्ज चालतो. निकालापर्यंत अंतरिम पोटगी मागता येते. आईने पंचांपुढे काहीही कबूल केले असले, तरी मुलांचा हक्क मुलांचाच राहतो.

३. ताबा : "मूल बापाच्या कुळाचे" एवढ्यावर कोर्ट थांबत नाही. पालक व पाल्य कायदा, १८९० नुसार मुलाचे हित पाहिले जाते.

४. वकील : विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे जावे. आधार, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले आणि नवऱ्याच्या कामाची माहिती सोबत न्यावी.

त्या बहिणीला पुढे अंतरिम पोटगी मिळाली. रक्कम थोडी होती, पण मुले पुन्हा शाळेत गेली.

देवाने मुलाचा आवाज ऐकला आणि हागारेचे डोळे उघडले, तेव्हा तिला विहीर दिसली. आपल्या बहिणींना विहिरीची वाट दाखवणे हे मंडळीचे काम आहे. समेटासाठी प्रार्थना जरूर करावी, पण अर्ज थांबवू नये.

मननासाठी : आपल्या मंडळीत परतून आलेली कोणी लेक आहे का? तिच्याबरोबर कोर्टाची पायरी कोण चढेल?