वेळ थोडा, माणसं दहा

भाचेराव, नायकाच्या दोन फिती लागल्या, अभिनंदन! ताई तर मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत सगळ्या नातेवाइकांना फोन करून मोकळी झाली. आता सुभेदार मामाकडून घ्यायचं ते घे. दहा जणांची सेक्शन, त्यात निम्मी पोरं नवी, आणि मोठ्या एक्सरसाइजला दोन महिनेसुद्धा नाहीत, अशी तुझी तक्रार. अरे राजा, वेळ भरपूर आहे असं म्हणणारा नायक अजून कुठल्या पलटणीत जन्मलेला नाही.

हिशेब नीट मांड. २०२२ पासून अग्निवीर येतात. बेळगावच्या मराठा सेंटरात ३१ आठवडे घासून पोरगा पलटणीत येतो आणि त्याची सगळी नोकरी ४ वर्षांची. त्यातून सुट्ट्या, कोर्स, गार्ड ड्युट्या वजा कर, म्हणजे तुझ्या वाट्याला तो किती दिवस येतो ते कळेल. तेवढ्यात त्याला घडवायचं आहे आणि त्यातूनच उद्याचा लान्स नायकही शोधायचा आहे.

माझं सांगणं एकच: वेळ कमी पडला तर विषय काप, सराव कापू नकोस. बाकी सगळं त्याचाच विस्तार.

आधी माणसं

१. पहिल्या आठवड्यात नऊ जणांची नावं, गावं, घरची माणसं आणि बुटाचा नंबर तोंडपाठ कर — ज्याचं नाव आठवायला वेळ लागतो, त्याला धोक्याच्या वेळी हाक मारता येत नाही.

२. नवा पोरगा आला की पहिल्या रात्री लंगरात त्याच्या शेजारी जेवायला बस — पहिल्या रात्री जो शेजारी बसतो, त्यालाच पोरगं पुढे खरं दुखणं सांगतं.

३. मार्च संपला की आधी हत्यारं, मग पोरांचे पाय, मग तुझा चहा. मोजे काढायला लाव, टाच आणि करंगळीची कड स्वतः बघ, ओले मोजे पिट्टूच्या बाहेर वाळत बांधायला सांग — एकाने फोड लपवला की दुसऱ्या दिवशी दहाही जण त्याच्या चालीने चालतात. पाय दुखला की कान बंद.

४. बडबड्या पोरगा अचानक गप्प झाला तर त्याच दिवशी बाजूला घे, आणि सुट्टीचा अर्ज असेल तर तू स्वतः प्लाटून हवालदारापर्यंत ने — घरच्या काळजीत अडकलेल्या डोक्यात नकाशा शिरत नाही.

५. प्रत्येक नव्याला एका जुन्याची जोडी लावून दे, पण महिन्याने जोड्या बदल — शिकवताना जुन्याचंही पक्कं होतं, आणि जोडी फार मुरली की एकमेकांच्या चुका झाकायला लागतात.

शिकवायचं कसं

६. दोन महिन्यांत दहा विषय घेऊ नकोस. रायफल, जमिनीचा वापर, प्रथमोपचार आणि रेडिओवर नेमकं बोलणं, एवढे चार घे — चार पक्के झाले की पाचवा पोरं स्वतः विचारत येतात, दहा अर्धवट राहिले की कुणीच काही विचारत नाही.

७. उस्तादांचा जुना क्रम मोडू नकोस: आधी नमुना, मग बयान, मग गिनतीने, शेवटी पुऱ्या वेगात — हाताला शिकवायचं ते आधी डोळ्याला दिसावं लागतं.

८. खिशात रोज तीन प्रश्न ठेव. गाडी यायला वेळ आहे, चहाची रांग आहे, रेंजवर आपल्या डिटेलला अवकाश आहे, तेव्हा एक प्रश्न काढ — घाटकोपर स्टेशनवर वाढलेल्या पोराला उभ्याउभ्या वेळ कसा वापरायचा हे मी काय सांगायचं!

९. रेंजवर मागून ओरडू नकोस. शेजारी आडवा हो आणि त्याचा श्वास आणि ट्रिगरवरचं बोट बघ. ग्रुप छोटा पण एका बाजूला पडला तर बहुतेक झिरो तपासायचा, विखुरला तर पोराकडे बघायचं — गोळी कुठे गेली ते टार्गेट सांगतं, का गेली ते शेजारी पडलेल्यालाच कळतं.

१०. दिवसा आलं म्हणजे आलं असं धरू नकोस. मॅगझिन बदलणं, पट्टी बांधणं, रेडिओची बॅटरी लावणं अंधारात करून घे — उजेडात डोळा मदत करतो, अंधारात फक्त सवय.

११. काल शिकवलेलं आज सकाळच्या फॉलिनला विचार, आणि ज्याला आलं नाही त्याला संध्याकाळी पुन्हा विचार — आपण नाही विचारलं तर उद्या शत्रू विचारतो.

१२. हाताच्या खुणा मोजक्या ठेव आणि त्या दहाही जणांना सारख्याच येऊ दे. कारवारजवळच्या चेंडियाचे राम राघोबा राणे १९४० मध्ये साधे सॅपर म्हणून भरती झाले, आणि एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरीचा रस्ता मोकळा करताना सेकंड लेफ्टनंट म्हणून रणगाड्याखाली सरपटत, दोरी ओढून चालकाला खुणा देत पुढे गेले. परमवीर चक्र मिळालं — आवाज पोचत नाही तिथे आधी ठरलेली खूण पोचते.

१३. पोरांना झोपू दे. पहाऱ्याच्या पाळ्या लाव आणि त्यात स्वतःचंही नाव घाल — सलग जागरणानंतर शिकवलेलं डोक्यात उरत नाही, आणि सराव वाया गेला की गेलेला वेळ परत मिळत नाही.

तुझ्यामागचा नायक

१४. आठवड्यातला एक दिवस सेक्शन लान्स नायकाच्या हाती दे आणि तू त्याच्या हुकमाखाली रायफलमन हो. मध्ये बोलायचं नाही, संध्याकाळी बोलायचं — मध्ये टोकलं की तो जमिनीकडे बघायचं सोडून तुझ्या तोंडाकडे बघायला लागतो.

१५. सर्वांत नव्या पोरालाही पूर्ण बेत सांग. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबरच्या वरच्या खोऱ्यात माणगावकडच्या नायक यशवंत घाडगे यांची सगळी सेक्शन मशीनगनच्या माऱ्यात पडली. एकटे उरले तरी ते त्या मशीनगनवर धावून गेले, ती बंद केली आणि तिथेच धारातीर्थी पडले. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर नामदेव जाधव तर कंपनी कमांडरचे रनर होते. साहेब जखमी झाले, बरोबरचे पडले, तेव्हा जखमींना पाठीवर पलीकडे पोचवून त्यांनी मशीनगनची तीन ठाणी उडवली, बांधावर चढून महाराजांचा जयघोष केला आणि मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला — पुढारी कोण होणार ते ऐनवेळी ठरतं, म्हणून तयारी दहाही जणांची हवी.

१६. हुकूम देऊन झाला की "समजलं का?" म्हणू नकोस, "तू काय करणार ते सांग" म्हण — पहिल्या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात, दुसऱ्याला ज्याला समजलं तोच उत्तर देतो.

१७. वरून तीन तास मिळाले तर एकात तुझा बेत उरक आणि दोन पोरांना तयारीला दे — नायकाचा सुंदर बेत आणि पोरांच्या रिकाम्या पाण्याच्या बाटल्या, ही जोडी फार वाईट.

१८. तू गोविंदा पथकात दुसऱ्या थराला उभा राहायचास, ते आठव. गुरुपौर्णिमेला नारळ फुटतो आणि गोकुळाष्टमी जेमतेम सव्वा महिन्यावर. पोरं कामावरून थकून येतात आणि रात्री सराव करतात. तरी जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने २०१२ मध्ये ठाण्यात नऊ थर लावून १३.३४ मीटरचा विश्वविक्रम केला — तिथे रोज पहिला थर पक्का केल्याशिवाय वर कुणी चढत नाही, आणि थर उतरवण्याचाही सराव होतो. तूही सेक्शनला पुढे जायला शिकवशील तेवढंच नीट मागे यायलाही शिकव.

१९. एनसीसीच्या दहा दिवसांच्या कॅम्पात काय व्हायचं ते तुला माहीत आहे: पहिल्या दिवशी रांग न लावता येणारी कॉलेजची पोरं शेवटी ड्रिलच्या स्पर्धेत ताठ चालायची. तसं इथेही लवकर एकाला पाण्याचं, एकाला औषधांच्या पेटीचं, एकाला बॅटऱ्यांचं काम नावानिशी दे — छोटी जबाबदारी सांभाळता येते का हे कळल्यावरच मोठी द्यायची.

२०. शाबासकी फॉलिनसमोर दे, कान एकट्याला बाजूला घेऊन पिळ — चारचौघांत लाजवलेला पोरगा चूक सुधारत नाही, लपवायला शिकतो.

२१. सराव संपला की जमिनीवरच गोल करून बसा: काय करायचं होतं, काय झालं, उद्या काय बदलायचं. पहिलं बोलणं सर्वांत नव्याचं, शेवटचं तुझं — नायक आधी बोलला की बाकीचे त्याचंच बोलणं फिरवून सांगतात.

२२. फितीसाठी नाव सुचवताना हुशार आणि भरवशाचा यांत अडलास तर भरवशाचा निवड — हुशारी कोर्सला पाठवून वाढवता येते, भरवसा कुठल्याच कोर्सला मिळत नाही.

२३. ४ वर्षांनी घरी जाणाऱ्याला हातचं राखून शिकवू नकोस. नियमाने एका तुकडीतले जास्तीत जास्त २५ टक्केच पुढे सेनेत राहतात. बाकीचे मुलुंडला, अंधेरीला, आपापल्या गावाला परततील — प्लॅटफॉर्मवर कुणी जखमी पडलं आणि त्याने वेळेत रक्त थांबवलं, तर तुझं शिकवणं तिथेही कामाला आलं.

भाचेराव, सगळं एकदम करायला जाऊ नकोस, नाहीतर माझाच पहिला मंत्र मोडशील. या आठवड्यात तीनच धर: नऊ नावं, रोजचे पाय आणि लान्स नायकाचा एक दिवस. मग पुढच्या सुट्टीला निघशील तेव्हा सेक्शन त्याच्या हाती दे, आणि घरून रोज फोन करून विचारपूस करू नकोस. तुझ्यामागे सेक्शन नीट चालली, तर तू नायक झालास असं मामा मानेल.