फोटोचे पोस्टर होताना

मुलांनो, जुन्या हिंदी चित्रपटाचे एखादे पोस्टर तुम्ही नक्कीच पाहिले असेल. एखाद्या हॉटेलच्या भिंतीवर, जुन्या मासिकात किंवा मोबाइलच्या पडद्यावर. त्यातला नायकाचा चेहरा आठवा. अर्धा गाल नारिंगी, अर्धा निळा. कपाळावर पिवळ्या रंगाचा जाड फटकारा. केसांत हिरवी झाक. खऱ्या माणसाचा चेहरा कधी असा असतो का? नसतो. तरीही हा नायक कोण, हे आपण दुरूनच ओळखतो.

हल्ली संगणकावर कोणत्याही फोटोचे असे पोस्टर करता येते. ‘एक बटन दाबा, झाले काम!’ असे पुष्कळ जण सांगतात. काम होते, हे खरे. पण बहुतेक वेळा ते चांगले होत नाही. चेहरा पोस्टरसारखा दिसतो, पण ज्याचा फोटो आहे त्याच्यासारखा दिसत नाही. असे का होते? ते समजण्यासाठी आधी थोडे मागे जावे लागेल.

सुमारे १७९६ साली जर्मनीत आलोइस झेनेफेल्डर नावाच्या माणसाने दगडावरून छापण्याची युक्ती शोधली. तिला आपण शिळाछाप म्हणतो. गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे. मग दगड पाण्याने ओला करायचा. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हे तुम्हांला ठाऊक आहेच. त्यामुळे तेलकट शाई फक्त खडूच्या रेघांना चिकटते, ओल्या जागेला चिकटत नाही. वर कागद ठेवून दाब दिला की चित्र छापले जाते.

उर्दू भाषेवर या शोधाचे मोठे उपकार आहेत. नस्तालीक लिपीचे खिळे पाडणे फार अवघड होते. एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एक रूप घेते, मध्ये दुसरे आणि शेवटी तिसरे. शिवाय शब्द तिरका खाली उतरत जातो. शिळाछापात खिळ्यांची गरजच नव्हती. कातिब कागदावर सुंदर अक्षरांत लिहीत असे आणि ते लिखाण जसेच्या तसे दगडावर उतरत असे. १८५८ मध्ये लखनौला सुरू झालेल्या नवलकिशोर प्रेसने याच पद्धतीने असंख्य उर्दू व फारसी पुस्तके छापली. (मराठीतला ‘शाई’ हा शब्द ‘सियाही’वरून आला आणि ‘कागद’ हा ‘कागज’वरून. शब्दही असे एका घरातून दुसऱ्या घरात राहायला जातात.)

आता पोस्टरकडे वळू. शिळाछापात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. सहा रंग हवे असतील तर सहा दगड, आणि तोच कागद सहा वेळा यंत्रातून काढायचा. रंग वाढला की खर्च वाढला. म्हणून पोस्टर काढणारा चित्रकार रंग मोजून वापरी. गालावरच्या शंभर छटा त्याला परवडत नसत. तो तीन-चारच छटा निवडी: एक उजेडाची, एक मधली, एक सावलीची, आणि डोळे व केसांसाठी काळी. म्हणजे पोस्टरचे जे रूप आज आपल्याला आवडते, ते काटकसरीतून जन्मले. चित्रकाराला काय घ्यायचे याच्याइतकाच, काय सोडायचे याचा विचार करावा लागे. हा सोडण्याचा विचार बटन दाबून होत नाही.

आपल्याकडे चित्रपटांच्या पोस्टरांची सुरुवात मूकपटांच्या काळात झाली. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे चित्रकार आणि चित्रपटनिर्मातेही होते. १९२४ च्या त्यांच्या ‘कल्याण खजिना’ या चित्रपटाचे पोस्टर आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय पोस्टरांत गणले जाते. पुढे मुंबईत या कामाची मोठी बाजारपेठ उभी राहिली. जगप्रसिद्ध चित्रकार मकबूल फिदा हुसेन हेही तरुणपणी मुंबईत चित्रपटांचे मोठमोठे फलक रंगवून पोट भरत. फलक रंगवणारे कलाकार छोट्या फोटोवर चौकटी आखत. तेवढ्याच चौकटी भल्यामोठ्या फलकावर आखत आणि एकेक चौकट रंगवत जात. फोटो बहुधा काळा-पांढरा असे. रंग चित्रकार मनाने भरी. खलनायकाच्या चेहऱ्यावर हिरवा-निळा, संतापलेल्या नायकावर लाल, असा रंगांचा संकेतच ठरून गेला. दिवाकर करकरे यांनी ‘दीवार’ (१९७५) सारख्या चित्रपटांसाठी केलेल्या पोस्टरांत रंगांचे जाड, धीट फटकारे दिसतात. १९९० नंतर संगणक आणि प्लॅस्टिकच्या कापडावरची छपाई आली. हाताने पोस्टर रंगवणारे बहुतेक कारागीर या धंद्यातून बाहेर पडले.

त्यांची कला थोडी समजून घ्यायची असेल, तर आपण स्वतः एक पोस्टर करून पाहू. समजा, तुम्हांला तुमच्या नानीचे पोस्टर करायचे आहे. शाळेच्या संगणकावर ‘गिंप’ नावाचे सॉफ्टवेअर टाकता येईल. ते विनामूल्य मिळते.

फोटो निवडताना घाई करू नका. सगळीकडून सारखा उजेड पडलेला फोटो पोस्टरसाठी निरुपयोगी. नानीला खिडकीजवळ बसवा आणि उजेड एका बाजूने येऊ द्या. एक गाल उजळ, दुसरा सावलीत, असा फोटो मिळाला की अर्धे काम झाले. मोबाइलचा ‘सुंदर’ करणारा पर्याय मात्र बंद ठेवा. तो सुरकुत्या पुसून टाकतो. नानीच्या सुरकुत्या पुसल्यावर उरते कोण?

आता फोटो संगणकावर घ्या. प्रथम रंग काढून तो काळा-पांढरा करा. साध्या काळ्या-पांढऱ्या फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ छटा असतात. काळ्याचा क्रमांक शून्य, पांढऱ्याचा २५५. मग ‘मीडियन ब्लर’ वापरून फोटो किंचित मऊ करा. ही पायरी पुष्कळ जण गाळतात, आणि पुढे चेहऱ्यावर ठिपक्यांची रांगोळी उमटली की सॉफ्टवेअरला दोष देतात. त्यानंतर ‘कलर्स’ या यादीतील ‘पोस्टराइज’ निवडा आणि पातळ्या चार ठेवा. २५६ छटांच्या जागी आता फक्त चार उरतील: ०, ८५, १७० आणि २५५. चेहऱ्याचे जणू चार प्रदेश तयार होतात, नकाशात असतात तसे.

फोटो आधी काळा-पांढरा का करायचा, हेही सांगतो. पडद्यावरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा यांच्या मिश्रणातून होतो. रंगीत फोटोवर चार पातळ्या लावल्या तर प्रत्येकाच्या चार, म्हणजे ४ × ४ × ४ = ६४ रंग होऊ शकतात. दगडावर छापणाऱ्या कारागिराला ६४ दगड कुठून परवडणार? म्हणूनच एका बटनाने केलेले पोस्टर जुने वाटत नाही, नुसते खराब झालेले वाटते.

आता चार प्रदेशांत चार रंग भरायचे. ‘रंगानुसार निवड’ या साधनाने एक प्रदेश निवडा आणि रंगाची बादली त्यात ओता. सावलीला गडद निळा, मधल्या भागाला विटकरी, उजेडाला पिवळसर, अशी सुरुवात करून पाहा. पांढरा शुभ्र रंग टाळा. जुना कागद पांढरा नसतो, तो सायीच्या रंगाचा असतो. रंग निवडताना एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. नानी सावळी असेल तर तिला गोरी करू नका. निळा, हिरवा, नारिंगी यांपैकी काहीही करा. तो पोस्टरचा रंग आहे, हे पाहणाऱ्याला कळते. पण सावळा चेहरा गुपचूप उजळवणे म्हणजे त्या चेहऱ्यात काही कमी आहे, असे सांगणे होय.

येथवर संगणकाने पुष्कळ मदत केली. आता तो थांबतो. पडद्यापासून दहा पावले मागे जा आणि पाहा. ही नानी वाटते का? बहुधा वाटणार नाही. तिच्या हनुवटीवरचा तीळ चार प्रदेशांच्या वाटणीत हरवला असेल. चश्म्याची एक काडी सावलीत बुडाली असेल. डोळ्यांतली चमक तर हमखास गेलेली असते. सॉफ्टवेअरला तीळ आणि धुळीचा कण यांतला फरक कळत नाही. तो तुम्हांला कळतो. ब्रश घ्या आणि तीळ परत काढा. डोळ्यांत उजेडाच्या रंगाचा एक-एक ठिपका द्या. ओढणीच्या शंभर चुण्यांपैकी तीन ठेवा, बाकीच्या भरून टाका. हात थरथरला तरी हरकत नाही. माझ्या मते या दहा-पंधरा मिनिटांतच फोटोचे पोस्टर होते. आधीचे सगळे ही त्याची तयारी असते.

आणखी एक गंमत करता येते. जुन्या छपाईत एखादा दगड किंवा कागद केसभर सरकला की रंग रेषेबाहेर येई. कारागीर त्यावर हळहळत असतील. आज आपल्याला तेच जुनेपण आवडते. एका रंगाचा थर दोन-तीन बिंदू बाजूला सरकवा, की ती चूक मुद्दाम करता येते.

पोस्टरला अक्षरे हवीतच. अनेक जुन्या हिंदी चित्रपटांच्या पोस्टरांवर नाव तीन लिप्यांत असे: रोमन, देवनागरी आणि उर्दू. शहरातल्या प्रत्येक वाचणाऱ्याला ते वाचता यावे, हा हेतू. तुम्हीही नानीचे नाव उर्दूत आणि मराठीत लिहा. त्यासाठी ‘नोटो नस्तालीक उर्दू’ हा फॉन्ट विनामूल्य मिळतो. नस्तालीकमधला शब्द वरून खाली उतरत येतो, म्हणून त्याला देवनागरीपेक्षा उंच जागा सोडा. काही सॉफ्टवेअरमध्ये उर्दू अक्षरे सुटी होतात आणि उलट्या क्रमाने लागतात. तसे झाले तर सरळ कागदावर बोरूने नाव लिहा, त्याचा फोटो काढा आणि तो पोस्टरवर बसवा. खरे म्हणजे हेच अधिक देखणे दिसते.

आता एक प्रश्न. फोटो तुम्ही स्वतः काढला नसेल तर? २००८ मध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. शेपर्ड फेअरी या चित्रकाराने उमेदवार बराक ओबामा यांचे लाल, निळ्या आणि सायीच्या रंगांतील पोस्टर केले. ते जगभर गाजले. पण ते ज्या फोटोवरून केले होते, तो २००६ मध्ये मॅनी गार्सिया या छायाचित्रकाराने असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेसाठी काढला होता. त्यांना कोणी विचारले नव्हते. प्रकरण न्यायालयात गेले. तेथे फेअरी यांनी आपण दुसराच फोटो वापरला असे सांगितले आणि पुरावेही नष्ट केले. २०११ मध्ये मूळ वादात तडजोड झाली. पुरावे नष्ट केल्याबद्दल मात्र २०१२ मध्ये त्यांना २५,००० डॉलर दंड झाला आणि ३०० तास समाजसेवा करण्याची शिक्षाही झाली.

म्हणून फोटो काढणाऱ्याला विचारा. ज्याचा चेहरा आहे त्यालाही विचारा. नानी असली तरी विचारा. वर्गमित्राचे पोस्टर त्याला न दाखवता भिंतीवर लावू नका. परवानगी मिळाली की पोस्टरच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत दोन नावे लिहा: आधी फोटो काढणाऱ्याचे आणि मग तुमचे.

शब्दार्थ
फटकारा – ब्रशचा जोरदार ओढा
छटा – एकाच रंगाचे फिके किंवा गडद रूप
खिळे – छपाईसाठी धातूची अक्षरे
काटकसर – कमी खर्चात भागवणे
संकेत – सर्वांनी मानलेली पद्धत
बोरू – लिहिण्यासाठी वेताची लेखणी
तडजोड – दोन्ही बाजूंनी मिळून मिटवणे

स्वाध्याय
१. शिळाछापात रंग मोजून का वापरावे लागत?
२. उर्दू पुस्तकांच्या छपाईसाठी शिळाछाप सोयीची का ठरली?
३. ‘येथवर संगणकाने पुष्कळ मदत केली. आता तो थांबतो.’ असे लेखक का म्हणतो?
४. उर्दूतून मराठीत आलेले पाच शब्द शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीचे पोस्टर करायचे आहे. चेहऱ्यातील कोणत्या तीन गोष्टी तुम्ही सोडणार नाही, ते लिहा.