लव्हाळ्याने शिकवलेला धडा

मुलांनो, आपण न पेरता शेतात उगवणाऱ्या आणि आपल्या पिकाचे अन्न, पाणी व प्रकाश हिरावून घेणाऱ्या वनस्पतीला आपण तण म्हणतो. तण काढणे हे काम दिसायला किती सोपे! वाकावे, मुठीत धरावे आणि उपटावे. एके काळी मीही असेच समजत होतो. तो समज कसा दूर झाला, त्याची ही हकीकत आहे.

१९९८ सालच्या जून महिन्यात कृष्णाकाठच्या एका खेड्यातील शाळेत मी मुख्याध्यापक म्हणून रुजू झालो. शाळेला मैदान होते, पण बाग नव्हती. कुंपणाला लागूनच दहा गुंठ्यांचा एक तुकडा सहा वर्षे पडीक होता. तो गावातील एका वृद्ध आजींचा. यजमान वारले, मुलगा नोकरीसाठी दूर गेला; तेव्हापासून त्या रानात नांगर फिरला नव्हता. एके दिवशी आजी आपण होऊन शाळेत आल्या आणि म्हणाल्या, “गुरुजी, यांनी जन्मभर कसलेलं रान असं पडलेलं मला बघवत नाही. तुमच्या पोरांना भाजीपाला करायला घ्या. पण एक सांगते. पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत तिथं पीक दिसलं नाही, तर मी ते वाट्यानं दुसऱ्याला देईन. रान रिकामं ठेवायचं नाही.”

मी आनंदाने होकार दिला. दुसऱ्याच दिवशी आम्ही तेथे गेलो. रानात तीन तणांनी ठाण मांडले होते. एका बाजूला कमरेइतके गाजरगवत पांढऱ्या फुलांनी डवरले होते. मधल्या भागात हरळीचे जाळे पसरले होते. आणि उरलेल्या साऱ्या जमिनीवर लव्हाळा माजला होता.

माझ्या अंगात नव्या कामाचा उत्साह होता. पहिला पाऊस पडून जमीन मऊ झालीच होती. एका शेतकऱ्याची बैलजोडी मागून आणली, रान नांगरून घेतले, वर कुळव फिरवला. मुलांनी दिसेल ते गवत गोळा करून बांधावर टाकले. संध्याकाळी ती काळीभोर जमीन पाहून आम्ही टाळ्या वाजवल्या. आठवडाभराने भेंडी आणि गवार टोकली.

पुढे तीन आठवडे पावसाची झड लागली. ती ओसरल्यावर आम्ही पाहतो तो काय, सारे रान हिरवेगार झाले होते! परंतु ती हिरवळ भेंडीची नव्हती. जेथे लव्हाळ्याचे एक पाते होते, तेथे आता पाच उभी होती. भेंडीची रोपे त्यात शोधावी लागत होती.

मुले हिरमुसली. आठवीतला एक मुलगा म्हणाला, “गुरुजी, आजींची जमीन परत करू या.” मलाही काय बोलावे ते सुचेना. तेवढ्यात आजी बांधावर येऊन उभ्या राहिल्या. क्षणभर त्यांनी रानाकडे पाहिले आणि त्या म्हणाल्या, “गुरुजी, तुम्ही लव्हाळा काढला नाहीत, पेरलात!”

त्या खाली बसल्या. खुरप्याने एका पात्याभोवतीची माती त्यांनी हलकेच मोकळी केली. पात्याच्या बुडाशी एक गाठ होती. त्या गाठीपासून सुतळीसारखा एक धागा निघून दुसऱ्या गाठीला जात होता, तेथून तिसऱ्या, तेथून चौथ्या. माळेत मणी ओवावेत, तशा त्या गाठी जमिनीत ओवलेल्या होत्या. वरचे पाते उपटले की धागा तुटतो आणि गाठी जमिनीतच राहतात. नांगराने आणि कुळवाने आम्ही तेच केले होते. माळा तोडून मणी साऱ्या रानात विखुरले होते.

सातवीतील एका मुलीने हे स्वतः पडताळून पाहण्याचे ठरवले. तिने दोन जुने डबे घेऊन त्यांत माती भरली. एकात पाच गाठींची अखंड माळ पुरली, तर दुसऱ्यात पाच सुट्या गाठी. अखंड माळेतून टोकाकडचे दोन कोंब वर आले. सुट्या पाचही गाठींना मात्र कोंब फुटले. याचे कारण असे, की माळेच्या टोकाचा अंकुर वाढत असताना तो मागच्या गाठींतील अंकुरांना दाबून ठेवतो. माळ तुटली की त्या निजलेल्या गाठी जाग्या होतात. आमची चूक त्या दोन डब्यांनी सर्वांना दाखवून दिली.

आता आम्ही शत्रूची ओळख करून घेऊन कामाला लागलो. तीन तणे, तिघांची तऱ्हा वेगळी! गाजरगवत बियांपासून वाढते. एक झाड हजारो बिया टाकते. म्हणून फुलावर येण्यापूर्वीच ते मुळासकट काढले पाहिजे. भारतात या तणाची प्रथम नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यात झाली आणि पुढे ते देशभर पसरले. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगाला खाज सुटते; म्हणून हातांना कापड गुंडाळून मोठ्या माणसांनी ते काढले. हरळीच्या कांडीच्या पेरापेराला मुळे फुटतात. एक पेर जमिनीत राहिले तरी पुरे. म्हणून ती तोडायची नाही, तर कुदळीने माती सैल करून लांबच लांब ओढून काढायची.

लव्हाळ्याशी मात्र दीर्घकाळ झुंज द्यावी लागली. कोंब वर आल्यावर तीन-चार आठवड्यांतच त्याला जमिनीत नव्या गाठी धरू लागतात. त्यापूर्वी आपण पुन्हा पोहोचलो, तर जुन्या गाठीतील साठा खर्च होतो आणि नवा जमत नाही. आम्ही रानाचे चार भाग करून पाचवी ते आठवीच्या वर्गांना वाटून दिले. दर शनिवारी शाळा सुटल्यावर खुरपणी होई. निघालेल्या गाठी पडवीत पसरून वाळवल्या जात आणि मग जाळल्या जात. पहिल्या शनिवारी चौदा पाट्या भरल्या. पाचव्या शनिवारी सहा.

लव्हाळ्याला सावली सोसत नाही, हे आजींनी सांगितले. तेव्हा ऑगस्टमध्ये आम्ही सबंध रानात दाट ताग पेरला. त्याच्या सावलीत लव्हाळा पिवळा पडला. ताग फुलावर येताच तो जमिनीत गाडला. त्याचे उत्तम खत झाले. १९९९ च्या एप्रिलमध्ये कोरड्या जमिनीत खोल नांगरट केली. ढेकळे उन्हात तापली, वर आलेल्या गाठी सुकून खडखडीत झाल्या आणि मुलांनी त्या वेचल्या. ज्या नांगराने पावसात आमचा घात केला, तोच नांगर उन्हात आमचा सोबती झाला.

खरे पाहता ही तणे सर्वस्वी टाकाऊ नाहीत. हरळी म्हणजेच गणपतीला वाहण्याची दूर्वा. लव्हाळ्याच्या सुगंधी गाठी आयुर्वेदात ‘मुस्ता’ या नावाने औषधी मानल्या जातात. प्रत्येक वनस्पतीला तिची जागा असते. भेंडीच्या वाफ्यात मात्र ती जागा भेंडीची!

त्या वर्षी दिवाळीच्या सुटीपूर्वी मेथी, मुळा आणि वांगी यांनी वाफे भरून गेले. मुलांनी मेथीची पहिली जुडी आजींच्या हाती दिली. त्यांनी ती पदरात घेतली, डोळे पुसले आणि बांधाच्या कडेने त्या सावकाश चालू लागल्या. मध्येच वाकून त्यांनी खुरपे मागितले, माती उकरून एक कोवळा लव्हाळा गाठीसकट काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

“हे राहिलं बघा, गुरुजी,” त्या हसून म्हणाल्या.

मी त्या शाळेत होतो तोवर आमची शनिवारची खुरपणी कधी थांबली नाही. काम हळूहळू हलके झाले, पण संपले नाही. लव्हाळा आम्ही जिंकला, असे मी आजही म्हणत नाही. त्याने पुन्हा बळ धरण्यापूर्वी आम्ही दर वेळी त्याच्यापाशी जाऊन पोहोचलो, इतकेच. मुलांनो, आपल्या अंगच्या वाईट सवयींच्या बाबतीतही हेच लक्षात ठेवा.

स्वाध्याय

१. “तुम्ही लव्हाळा काढला नाहीत, पेरलात,” असे आजी का म्हणाल्या?
२. दोन डब्यांच्या प्रयोगातून मुलांना काय समजले?
३. एकच नांगर एकदा घातक व एकदा उपकारक कसा ठरला?
४. पुढील शब्दप्रयोग वाक्यांत योजा : ठाण मांडणे, हिरमुसणे, पडताळून पाहणे.
५. तुमच्या परिसरातील एक तण मुळासकट काढा. त्याचे मूळ पाहून चित्र काढा आणि ते कशापासून वाढते, ते लिहा.